किट शून्य दाखवतं, मग शेवाळ जगतं कशावर?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीबद्दल ठाण्याहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडी काटछाट करून देतो.

“आमची तीन फुटी मरीन टाकी (साधारण १८० लिटर) सुरू होऊन आठ महिने झाले. दुकानातून १५ किलो कोरडे पांढरे दगड आणले, त्यांचंच पुढे लाइव्ह रॉक (जीवाणूंनी वस्ती केलेला जिवंत दगड) होतं असं सांगितलं होतं. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि बटन पॉलिपचा एक झुपका आहे. गेले तीन महिने दगडांवर हिरवे केस उगवलेत, बोटभर लांब. ओढून काढले की आठवड्यात परत. फॉस्फेट तपासायचं किट शून्य दाखवतं, नायट्रेट ५. पाणी घरच्या पिण्याच्या आरओचं, टीडीएस ४८. दिवा सकाळी नऊ ते रात्री दहा. खाणं सासरे घालतात, दिवसातून तीन-चार वेळा, कारण ते दिसले की मासे काचेशी येतात. दुकानदाराने शेवाळ मारायची बाटली दिली आहे, अजून उघडलेली नाही. ह्यांचं म्हणणं, सगळे दगड काढून एकदाच उकळून घेऊ. दीर पुढच्या महिन्यात मालवणला जातायत. तिथून चांगले जिवंत दगड आणि शंख आणायला सांगू का? की शेवाळ खाणारा निळा टँग घेऊ?”

ताई, सगळ्यात आधी त्या उकळण्याबद्दल. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं यजमानांना आजच वाचून दाखवा. बटन पॉलिप ज्या दगडावर आहेत तो दगड, किंवा ज्यावर ते कधी होते असा कुठलाही दगड, उकळायचा नाही, गरम पाण्याखाली धरायचा नाही. बटन पॉलिप म्हणजे झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातले जीव. त्यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं काढल्याचं १९७१मध्ये प्रसिद्ध झालं, आणि निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. वाफेबरोबर ते हवेत पसरतं. असे दगड घरात उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे घरातली माणसं ताप आणि धाप लागून रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. तुमच्याकडची जात विषारी आहे की नाही हे नुसतं बघून सांगता येत नाही, त्यामुळे सगळेच विषारी समजून वागायचं. दगड हाताळताना हातमोजे, आणि घासताना डोळ्यांवर चष्मा.

विषाचा प्रश्न नसता तरी उकळणं फुकटच गेलं असतं. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जीवाणू तुमच्या दगडांच्या छिद्रांत आठ महिने वस्ती करून बसलेत. ते मेले की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, मासे मात्र तेवढेच असतात. आणि जे शेवाळाला पोसतंय ते, म्हणजे फॉस्फेट, उकळून जातच नाही.

आता त्या शून्याकडे येऊ.

किट खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला जे विचारताय ते त्याला ठाऊक नाही. ते फक्त त्या क्षणी पाण्यात मोकळं असलेलं फॉस्फेट मोजतं. बोटभर वाढलेलं शेवाळ असलेल्या टाकीत फॉस्फेट पाण्यात आलं रे आलं की शेवाळ ते ओढून घेतं, मोजायला काही उरतच नाही. शिवाय रंग जुळवून बघायच्या साध्या किटवर ०.०५ आणि शून्य यांतला फरक डोळ्याला कळणं कठीण, आणि शेवाळाला तेवढं पुरतं. म्हणून दगड हिरवेगार असताना आलेला शून्य मी कधी चांगली बातमी मानत नाही.

फॉस्फेट येतं कुठून? बरंचसं दगडातूनच. हे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं. पाण्यात ते जास्त झालं की दगड ते धरून ठेवतो, पाण्यात कमी झालं की सोडतो. कोरडा पांढरा दगड बहुतेकदा जुन्या रीफचा (समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांचा) किंवा कुणाच्या तरी मोडलेल्या टाकीतला असतो. त्याच्या छिद्रांत वाळून गेलेले जीव असतात, ते भिजले की कुजतात. वर आठ महिन्यांचं खाणं. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीला रंग दिला तर तो महिन्याभरात पुन्हा सुटतो, कारण ओल आत असते. तुमच्या दगडांचं तेच झालंय. ‘ओढलं की आठवड्यात परत’ याचं उत्तर एवढंच.

याचा अर्थ ओढून काही उपयोग नाही असा घेऊ नका. उलट, ओढणं हाच तुमच्या हातातला सगळ्यात खात्रीचा इलाज आहे. दगडातलं फॉस्फेट शेवाळात आलं आणि ते शेवाळ बादलीत गेलं, तर तेवढं फॉस्फेट कायमचं टाकीबाहेर गेलं. फक्त ते नीट काढायला हवं. तुम्ही पंप चालू ठेवून चिमटीने ओढत असाल तर निम्मे तंतू सुटून दुसऱ्या दगडावर जाऊन रुजत असणार.

आठवड्याचं पाणी बदलता त्याच दिवशी हे करा. आधी सगळे पंप बंद. काढलेल्या जुन्या खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. एका वेळी एकच दगड बाहेर काढायचा, पहिल्या बादलीत धरून कडक टूथब्रशने घासायचा, दुसऱ्या बादलीत हिसळायचा आणि परत जागेवर ठेवायचा. नळाचं पाणी वापरायचं नाही, त्यातलं क्लोरीन जीवाणू मारतं. एका दिवशी सगळे दगड काढू नका, तीन-चार पुरे. जो दगड हलवता येत नाही त्याचं शेवाळ टाकीतच काढायचं : बारीक नळीच्या तोंडाला टूथब्रश बांधायचा, घासतानाच सायफनने ओढून घ्यायचं, आणि नळीचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीत, सोडायचं. तंतू सॉकमध्ये अडकतात, पाणी परत टाकीत घालता येतं. बटन पॉलिपच्या झुपक्याच्या आसपास ब्रश नको, तिथे चिमटा.

जिथे शेवाळाने मूळच धरलंय अशा जागी हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच शुद्ध पाणी मिसळलं की ३ टक्के होतं. दगड बाहेर असताना सिरिंजने नेमकं शेवाळावर सोडायचं, दोनेक मिनिटं फेसाळू द्यायचं, दुसऱ्या बादलीत धुऊन परत. एक-दोन दिवसांत तो भाग फिका पडतो. टाकीच्या पाण्यात मात्र ओतू नका. क्लीनर श्रिंपला ते सोसत नाही.

पाण्याचं गणित मी मुद्दाम मांडतो, कारण टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या ऐवजाचं प्रमाण, लिटरमागे मिलिग्रॅम) ४८ म्हणजे चांगलं असं घरोघरी समजतात. पिण्यासाठी ते चांगलंच आहे. पण पिण्याच्या आरओत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे गाळलेल्या पाण्यात चवीसाठी पुन्हा काहीतरी मिसळलं जातं. तुमच्या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडतंय असं धरू. उडतं ते निव्वळ पाणी, त्यातलं सगळं मागे राहतं, आणि त्या जागी तुम्ही पुन्हा ४८चं पाणी ओतता. महिन्याला ६० लिटर, म्हणजे जवळजवळ ३ ग्रॅम विरघळलेला ऐवज दर महिन्याला टाकीत. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असेल, पण नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट किती हे टीडीएस मीटर सांगत नाही. म्हणून मरीन टाकीला आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा लागतो आणि मीटरवर शून्य यावं लागतं. पिण्याच्या यंत्राला हात लावायची गरज नाही. मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या नळीला एक टी-जोड टाकून तिथून वेगळी लाइन काढता येते, तुमचा आरओवाला अर्ध्या तासात करून देईल, आणि त्या लाइनवर रेझिनचा डबा बसवायचा. मीटर १ किंवा २ दाखवायला लागला की रेझिन बदलायचं. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येतं, तेव्हा आधीचा सेडिमेंट फिल्टरही लवकर तुंबतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

आता सासरे. तुमच्या पत्रातली सगळ्यात नाजूक बाब हीच, आणि ती तुम्ही एका ओळीत उरकली आहे.

मासे काचेशी आले म्हणजे भुकेले, असं नसतं. क्लाउनफिश हा पोट भरलेलं असतानाही काचेशी येणारा मासा आहे. हात दिसला की खाणं पडतं हे तो चार दिवसांत शिकतो. तीन छोट्या माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं पुरतं. पण हे सासऱ्यांना सांगायला जाऊ नका. निवृत्त माणसाच्या दिवसातलं एक काम काढून घेतलं की घरात कुणालाच ते परवडत नाही. गोळ्या ठेवायचा आठवड्याचा प्लॅस्टिकचा डबा मिळतो ना, रविवार ते शनिवार खाने असलेला, तो आणा. सकाळ-दुपार-रात्र असे तीन कप्पे असलेला मिळाला तर आणखी उत्तम. रविवारी तुम्ही दिवसाचं खाणं तीन भागांत वाटून भरून ठेवा, घालायचं काम त्यांचंच. वेळा तीनच राहतील, खाणं एक तृतीयांश होईल. मूळचा मोठा डबा फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मागे. गोठवलेलं खाणं देत असाल तर ते चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याखाली विरघळवून, पाणी टाकून मग द्या. ते रोजच्या रोज भरता येतं, डब्यात ठेवता येत नाही.

दिवा तेरा तास जास्तच आहे, आठ तासांवर आणा. आजोबांना संध्याकाळी टाकी बघायची असेल तर दुपारी दोनला लावा. पण दिवा कमी करून शेवाळ जाईल अशी आशा नको, त्याचा वेग तेवढा कमी होईल. काही जण तीन दिवस टाकी काळ्या कापडात गुंडाळून ठेवायला सांगतात. मेलेलं शेवाळ कुजून फॉस्फेट परत पाण्यातच सोडतं, मग चौथ्या दिवसापासून तेच.

बाटलीचं उत्तरही याच्यातच आलं. शेवाळ मारणारं कुठलंही औषध शेवाळ जागेवर मारतं, ते टाकीतच कुजतं आणि कुजताना रात्री पाण्यातला ऑक्सिजन ओढतं. त्यात गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या काही औषधांत तांबं असतं. माशांना एक वेळ चालेल, पण श्रिंप, शंख आणि पॉलिप यांना तांबं म्हणजे मरण, आणि ते दगडात मुरलं की महिनोन्‌महिने निघत नाही. लेबलावर घटक लिहिलेले नसतील तर बाटली उघडू नका, परत करा.

एक अपवाद आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तंतू साधे, रेशमासारखे दिसतात, म्हणजे हे साधं केसाळ शेवाळच असावं. तरी एक तंतू बशीत पाण्यात पसरून भिंगाखाली बघा. दोन्ही बाजूंना पिसासारखी दातेरी रचना असेल तर ते ब्रायोप्सिस. ते घासून हटत नाही, शंखही खात नाहीत. त्याच्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध चालतं, लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने. पण ती माणसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे. पिसं दिसली तरच मला पुन्हा लिहा, आधी काही करू नका.

आता दिरांच्या मालवणला. नाही, काहीही आणायला सांगू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, त्यामुळे प्रवाळाचा दगड समुद्रातून उचलणं हा गुन्हा आहे. शंखशिंपल्यांच्या कित्येक जातींनाही संरक्षण आहे. त्यातून मालवणचा किनारा म्हणजे १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य. कायद्याचं सोडलं तरी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवरचे शंख टाकीत टिकायला तयार नसतात. रात्री काचेवरून चढून बाहेर पडतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.

मात्र शेवाळ खाणारं तोंड टाकीत हवं, हे तुमचं बरोबर आहे. नुसतं पाणी शुद्ध करून शेवाळ आवरत नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा कॅरिबियन समुद्रात मिळाला. १९८३मध्ये पनामाजवळ डायाडेमा नावाचे लांब काट्यांचे काळे समुद्री साळू (सी अर्चिन) मरायला लागले. साधारण वर्षभरात रोग सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला आणि ९० टक्क्यांहून जास्त साळू गेले. जमैकाच्या रीफवर शेवाळ खाणारे मासे मासेमारीने आधीच संपत आलेले, साळूंवरच सगळी भिस्त होती. ते गेले आणि काही वर्षांत अर्ध्याहून अधिक प्रवाळाने झाकलेल्या रीफचा बहुतेक भाग शेवाळाने व्यापला. चांगल्या रीफवरही शेवाळ रोज उगवतच असतं. ते दिसत नाही, कारण उगवल्या उगवल्या कुणीतरी खातं. तुमच्या टाकीत खाणारं एकही तोंड नाही. डॅमसेल आणि क्लाउनफिश चवीपुरतं चाखतील तेवढंच.

निळा टँग मात्र नको. तो वाढून फूटभर होतो, त्याला तुमची तीन फुटी टाकी म्हणजे बाथरूम. गंमत म्हणजे समुद्रात तो मुख्यतः प्लवक खातो, शेवाळावर त्याचा फारसा जीव नाही. तुमच्यासाठी शंख बरे : चार-पाच टर्बो आणि पाच-सहा ट्रोकस, विश्वासू दुकानातून, टाकीत पाळून वाढवलेले मिळाले तर तेच. टर्बो जास्त खातात पण दगड ढकलत जातात, त्यामुळे वरचे दगड घट्ट बसलेत ना ते आधी बघा. ट्रोकस उलटा पडला तर स्वतः सरळ होतो. पण शंख लगेच आणू नका. बोटभर लांब केस शंख खात नाहीत, वरून नुसते फिरतात. आधी दोन-तीन आठवडे हाताने घासून शेवाळ सेंटीमीटरभर उंचीवर आणा, मग शंख सोडा. सोडताना त्यांच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब नळीने तासभर सोडायचं. खारटपणाचा एकदम फरक शंखाला माशापेक्षा जास्त लागतो. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) असायला हवं.

फॉस्फेट ओढून घेणारे तपकिरी दाणे, म्हणजे जीएफओ, घ्यायचे की नाही असं तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानदार विचारणार. पहिले दोन महिने नको. नंतर लागले तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मे. हौशी लोक इथेच फसतात : फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही खरोखरच शून्यावर नेतात, शेवाळ जातं आणि त्या रिकाम्या जागी डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव येतात. तपकिरी, शेंबडासारखे, बुडबुडे धरून बसणारे. काही जाती शंखांना मारतात. त्यांच्यापुढे हिरवे केस परवडले. तुमचं नायट्रेट ५ आहे, ते तिथेच राहू द्या. फॉस्फेट ०.०३ ते ०.१च्या दरम्यान मोजता आलं पाहिजे. त्यासाठी रंग जुळवायच्या किटऐवजी डिजिटल कलरीमीटर घ्या. महाग आहे, पण बाटल्यांवर खर्च होईल त्यापेक्षा स्वस्त पडेल.

पुढे काय दिसेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. घासायला लागल्यावर चार-सहा आठवड्यांनी किटवर फॉस्फेट शून्याच्या वर सरकेल. ते चांगलं लक्षण आहे : फॉस्फेट खाणारं शेवाळ कमी झालं, आणि दगड सोडतोय ते आता मोजता येतंय. तेव्हा पाणी बदलणं वाढवा, खाणं आणखी कमी करू नका. मध्येच वाळूवर लालसर पापुद्रा येईल. ते सायनोबॅक्टेरिया, नळीने ओढून टाका आणि पंपाचं तोंड त्या बाजूला वळवा. दगडांच्या सावलीतल्या बाजूला गुलाबी-जांभळे ठिपके दिसले तर ते घासू नका. ते कोरलाइन शेवाळ, आणि त्याने धरलेल्या जागेवर हिरवे केस सहसा येत नाहीत. सगळं जागेवर यायला तीन ते सहा महिने धरा. तोवर नवीन मासा आणायचा नाही, आजोबांना कितीही वाटलं तरी.